पिकअपची मागची बाजू उचलली, पण पुढच्या चाकांचं काय?

ट्रेलर जोडला की पिकअपची मागची बाजू दोन-तीन इंच बसते, नाक वर जातं, हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो आणि स्टिअरिंग हलकं लागायला लागतं. अमेरिकेत कॅम्पिंगचा ट्रेलर ओढणारे पुष्कळ जण यावर मागच्या ॲक्सलला हेल्पर एअर बॅग बसवतात. उपाय चांगला आहे. मात्र तो नेमका कशावरचा उपाय आहे हे कळलं नाही, तर गाडी दिसायला सरळ आणि चालवायला धोक्याची होते.

अपघातात उघडणाऱ्या एअर बॅगशी याचा काही संबंध नाही. हा जाड रबराचा फुगा असतो आणि तो चासी व ॲक्सल यांच्यामध्ये बसतो. शिवनेरीच्या व्होल्वोमध्ये हवा हीच मुख्य स्प्रिंग असते. इथे मूळचे पाटे जागेवर राहतात, फुगा फक्त हातभार लावतो. महाराष्ट्रात मालवाहू पिकअपला जादा पाटा टाकून घेतात, त्यामागचा विचारही हाच. फरक एवढाच की जादा पाटा रिकाम्या गाडीतही दणके देतो, फुग्यातली हवा मात्र घरी आल्यावर कमी करता येते.

आता आकडे बघा. ट्रेलर 6,000 पौंडांचा असेल तर त्याचं 10 ते 15 टक्के वजन हिचच्या बॉलवर, म्हणजे पिकअपच्या मागे ट्रेलर अडकवायच्या जोडणीच्या गोळ्यावर येतं. 12 टक्के धरले तर 720 पौंड. व्हीलबेस 145 इंच (फोर्डच्या एफ-150 पिकअपच्या चार दारांच्या क्रू कॅबचा साधारण एवढाच असतो) आणि बॉल मागच्या ॲक्सलच्या 50 इंच मागे. तरफेच्या हिशेबाने 720 गुणिले 50 भागिले 145, म्हणजे पुढच्या चाकांवरून जवळपास 250 पौंड उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर 720 नव्हे, तर सुमारे 970 पौंड वाढतात. फुग्यात हवा भरली की मागची उंची परत येते, पण हे 250 पौंड पुढे परत जात नाहीत. स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक यांना हवं असलेलं वजन गेलेलंच राहतं. ते पुढे आणायचं काम वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं, म्हणजे ताणलेल्या बारच्या जोरावर वजन पुढच्या चाकांकडे ढकलणाऱ्या हिचचं. म्हणून मागे जोडायच्या मोठ्या ट्रेलरला आधी हिच, मग फुगे. फिफ्थ व्हील किंवा गूजनेक (ट्रेलर पिकअपच्या हौद्यातच जोडायचे प्रकार) असेल, किंवा हौद्यातच ओझं असेल, तर वजन जवळजवळ ॲक्सलच्या वरच येतं. तिथे मात्र फुग्यांसारखा दुसरा सोयीचा उपाय नाही.

फुग्यांच्या किटच्या खोक्यावर अनेकदा 5,000 पौंड लिहिलेलं असतं. ती गाडी सपाट करायची फुग्यांची ताकद आहे. गाडीची क्षमता त्याने एक पौंडानेही वाढत नाही, कारण ॲक्सल, बेअरिंग, टायर, रिम आणि ब्रेक जुनेच आहेत. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर एकूण वजनाची आणि प्रत्येक ॲक्सलची मर्यादा असते, तीच शेवटची. ट्रक स्टॉपवरच्या, ॲक्सलनुसार वजन देणाऱ्या काट्यावर तीनदा वजन करा: ट्रेलरशिवाय, ट्रेलर जोडून पण हिचचे बार न ताणता, आणि बार ताणून.

पाट्यांच्या गाडीला चासी आणि ॲक्सलमध्ये ब्रॅकेट लावून बसणारे फुगे येतात. बहुतेकांची मर्यादा 100 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, दर चौरस इंचाला पौंड). 2009पासूनच्या रॅम 1500 पिकअपला मागे कॉइल स्प्रिंग आहे. तिथे कॉइलच्या आत बसणारे छोटे फुगे येतात, 1,000 पौंडांचे, 35 पीएसआयपर्यंत.

बसवताना गाडी घरंगळू नये म्हणून पुढच्या चाकांना ओट (ठोकळे) लावा, मागून चासी जॅकने उचलून स्टँडवर ठेवा आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक द्या. ॲक्सल ब्रेकच्या रबरी होजवर लटकता कामा नये. बहुतेक किटमध्ये चासीखालचा रबरी बंप स्टॉप काढून त्या जागी वरचा ब्रॅकेट बसतो, खालचा ॲक्सलवर यू-बोल्टने. ब्रेकची नळी किंवा एबीएसची वायर ब्रॅकेटखाली चिमटली जात नाही ना, हे दोन्ही बाजूंनी हात घालून पाहा. फुगा भरला की फुगून जाड होतो, म्हणून पूर्ण दाबावर त्याच्याभोवती सगळीकडून किमान अर्धा इंच मोकळं हवं. सायलेन्सरचा पाइप सहा इंचांच्या आत येत असेल तर किटमधली उष्णतारोधक पट्टी लावायचीच. बोल्टचा टॉर्क (आवळायचा जोर) किटच्या पुस्तिकेत असतो तेवढाच द्या.

गळतीचा दोष लोक फुग्याला देतात, पण बहुतेक वेळा तो नळीच्या टोकाचा असतो. पाव इंची नळी पक्कडीने कापली की टोक चपटं आणि तिरकं होतं आणि फिटिंगमधल्या ओ-रिंगवर नीट बसत नाही. धारदार ब्लेडने किंवा नळी कापायच्या कटरने काटकोनात कापा, फिटिंगमध्ये तळाला टेकेपर्यंत दाबा आणि ओढून पाहा. मग 30 पीएसआय भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी सोडा. 24 तासांनी पुन्हा मोजा. गेज लावतानाच थोडी हवा जाते, कारण फुग्यात मुळात हवा थोडीच असते. तेवढी घट गळतीत धरू नका.

डाव्या-उजव्या फुग्याला वेगवेगळी नळी आणि वेगवेगळा व्हॉल्व्ह द्या. एका टी-जोडाने दोन्ही एकत्र केले तर वळणावर बाहेरच्या, दबलेल्या फुग्यातली हवा आतल्या फुग्यात जाते आणि गाडी जास्तच कलते. वेगळ्या नळ्यांमुळे एका बाजूचं जड सामानही सावरता येतं.

जोडणीचा क्रम असा ठेवा. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या वरच्या फेंडरची उंची मोजून लिहून ठेवा. फुग्यांत कमीत कमी दाब, म्हणजे 5 पीएसआय, ठेवून ट्रेलर जोडा. पुढची बाजू गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या उंचीवर येईपर्यंत हिचचे बार ताणा. काही कंपन्या पूर्ण उंची परत आणायला सांगतात, काही निम्मीच. त्यानंतर पाच-पाच पीएसआयने हवा भरा आणि दर वेळी पुढचा फेंडर पुन्हा मोजा. हवेने मागची बाजू वर गेली की बारचा ताण सैल पडतो आणि पुढे नेलेलं वजन परत मागे येतं. पुढची उंची वाढू लागली की हवा थांबवा. मागची बाजू रिकाम्या गाडीपेक्षा थोडी खाली राहिली तरी चालतं.

ट्रेलर सोडल्यावर दाब पुन्हा 5 ते 10 पीएसआयवर आणा, शून्यावर नाही. रिकामा फुगा घडीत चिमटतो आणि तिथेच फाटतो. पंक्चर काढताना चासीला जॅक लावायचा असेल तर आधी दाब 5वर आणा, कारण ॲक्सल खाली लोंबला की फुगा ताणला जातो. पहिल्या 500 मैलांनंतर ब्रॅकेटचे सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा आणि थंडी सुरू झाली की दाब एकदा बघा. गार हवेत तो आपोआप उतरतो.