रणदिव्यांची टीम

माझ्या मोबाइलच्या कव्हरवर एक जांभळा मुकुट आहे. तो बघून महिन्याकाठी एक तरी माणूस विचारतोच, "बास्केटबॉलमध्ये लेकर्स, वॉरियर्स सोडून ही सॅक्रामेंटो किंग्ज कुठून शोधलीत? जिंकते का कधी?" परवा तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

कारण जरा लाजिरवाणं आहे. आडनाव.

२०१३ च्या मे महिन्यात पेपरात बातमी आली, की मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने एनबीएमधली, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधली, एक टीम घेतली. आमच्या घरात बास्केटबॉलचा गंध कोणाला नव्हता. मी शाळेत दोन वर्षं खेळलो होतो, तेही उंची वाढते म्हणून. (नाही वाढली.) आईने चष्म्याच्या वरून बघत विचारलं, "रणदिवे? म्हणजे आपल्याकडचेच की!" झालं, टीम ठरली.

बातमी नीट वाचल्यावर कळलं, की टीम कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरातच राहिली हेच मोठं नवल होतं. आधीचे मालक मालूफ कुटुंब. सिएटलच्या एका गटाशी त्यांचा सौदा जवळजवळ पक्का झालेला. शहराचे महापौर केव्हिन जॉन्सन, हे स्वतः एनबीए खेळलेले, टीम जाऊ नये म्हणून हटून बसले. शेवटी लीगमधल्या टीमच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर फेटाळलं आणि रणदिव्यांचा गट आत आला. टीमची किंमत ५३ कोटी डॉलरच्या वर धरली होती, त्या काळातला विक्रम.

पहिली मॅच होती तिकडच्या ३० ऑक्टोबरला, म्हणजे आपल्याकडे ३१ ची सकाळ. दिवाळी तोंडावर आलेली. आतून चकल्यांच्या तळणीचा वास येतोय आणि मी लॅपटॉपवर अडकत अडकत चालणारं चित्र बघतोय. डेन्व्हरला ९०-८८ ने हरवलं. मी एवढ्या जोरात ओरडलो, की आई झारा घेऊन बाहेर आली. "जिंकले का रणदिवे?"

त्यानंतर तिने तो प्रश्न विचारायचं हळूहळू बंद केलं.

मार्च-एप्रिलमध्ये तिकडच्या संध्याकाळच्या मॅचेस आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होत. डोंबिवलीहून फास्ट पकडली, की मुंब्र्यापुढे पारसिकचा बोगदा लागायचा तेव्हा शेवटचा क्वार्टर रंगात आलेला असे. बोगद्यात नेट गुल. आत शिरताना चार पॉइंटची आघाडी असे आणि बाहेर आल्यावर स्क्रीन रिफ्रेश केली, की सात पॉइंटची पिछाडी. असं इतक्या वेळा झालं, की मी बोगद्यालाच अपशकुनी मानायला लागलो.

आणि टीम टाकाऊ नव्हती हो! डीमार्कस कझिन्स आडदांड, तापट, पण मॅचला वीसच्या वर पॉइंट ठरलेले. आयझेया थॉमस पाच फूट नऊ इंच. २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, अगदी शेवटचा, साठावा निवडलेला. तोही वीसच्या घरात. डिसेंबरात टोरांटोहून रूडी गे आणला, तोही वीसचा. तिघे वीस-वीस करतायत आणि टीम हरतेय, कारण समोरच्याला अडवायला कोणीच नाही. गेच्या बदल्यात जे चौघे टोरांटोला दिले, त्यांना घेऊन टोरांटोने त्या वर्षी ४८ मॅच जिंकल्या. हे मी आईला कधीच सांगितलं नाही.

सीझन संपला: २८ जिंकल्या, ५४ हरल्या. आदल्या वर्षी, जुन्या मालकांच्या हाताखाली किती? २८ आणि ५४. मालक बदलला, कोच बदलला, अर्धी टीम बदलली आणि तक्त्यात एक आकडा हलला नाही.

माझं स्पष्ट मत विचाराल तर रणदिव्यांनी अवघड काम केलं आणि सोप्या कामात माती खाल्ली. टीम शहरात ठेवली, २०१६ मध्ये नवं स्टेडियम उभं राहिलं, हे अवघड. सोपं काम होतं गप्प बसण्याचं. पण त्यांनी कोच माइक मलोन आधी नेमला आणि कोच निवडणं ज्याचं काम, तो जनरल मॅनेजर नंतर. म्हणजे लग्नात आचारी आधी ठरवायचा आणि यजमान मग शोधायचा. थॉमसला पुढच्याच उन्हाळ्यात जाऊ दिलं. त्या नोव्हेंबरच्या अखेरीस कझिन्स मेंदूज्वराने आजारी पडला, मॅचेस हातातून गेल्या, आणि डिसेंबरात ११ जिंकलेल्या, १३ हरलेल्या असताना मलोनला नारळ दिला. त्याच मलोनने २०२३ मध्ये डेन्व्हरला अजिंक्यपद मिळवून दिलं. किंग्जना मात्र प्लेऑफसाठीच, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीसाठीच, २०२३ उजाडावं लागलं. २००६ नंतर पहिल्यांदा!

मध्ये २०१९ ला किंग्ज मुंबईत आले होते. वरळीच्या डोममध्ये, इंडियाना पेसर्सशी दोन सराव सामने. पहिला ओव्हरटाइममध्ये एका पॉइंटने गेला. दुसऱ्याला, ५ ऑक्टोबरला, मी जांभळी जर्सी घालून हजर. १०६-१३०.

दादरला रात्री गाडीत चढलो तर शेजारच्या माणसाने जर्सीकडे बघून विचारलं, "कबड्डी का?"

मी हो म्हणालो.