सहाव्या वस्तूचे १२८

मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये ८०८५ हा इंटेलचा जुना प्रोसेसर शिकवायला घेतला की प्रश्न ठरलेला: ‘सर, हे आता कुठे वापरतात?’ गेल्या सत्रात मी उत्तर द्यायच्या फंदातच पडलो नाही. निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राचा प्रोसेसरही आठ बिटांचा, ८०८० आणि झेड८० यांच्या कुळातला. माझ्या जुन्या कार्ट्रिजवरून काढून ठेवलेला ‘पोकेमॉन रेड’ हा प्राणी पकडायचा खेळ एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर गेम बॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये लावला, त्यात मेमरी दाखवणारा डीबगरही होता, आणि म्हटलं, आज जर्नल बंद, भूत पकडायचंय.

भूत म्हणजे मिसिंगनो. हा खेळ अमेरिकेत आला सप्टेंबर १९९८ मध्ये, आणि मे १९९९ मध्ये निन्टेन्डोच्याच मासिकाला या प्राण्याबद्दल सावध करावं लागलं. खरं तर प्राणी वगैरे काही नाहीच. खेळाच्या अंतर्गत यादीत १९० जागा आहेत आणि पोकेमॉन १५१. उरलेल्या ३९ जागांवर ‘मिसिंगनो’ हीच पाटी.

मुलांनी नायकाचं नाव ‘सुमित’ ठेवलं, कारण वर्गातला सुमित गैरहजर होता. पुढची तयारी मी आधीच करून ठेवली होती. विरिडियन शहरातला म्हातारा पोकेमॉन कसा पकडायचा ते दाखवतो, तेवढ्यापुरतं नायकाच्या नावाच्या जागी ‘ओल्ड मॅन’ येतं. मग खरं नाव ठेवायचं कुठे? गवतातल्या पोकेमॉनची यादी जिथे असते तिथे. तेव्हा ती जागा रिकामीच असते, म्हणून प्रोग्रामरने वापरली. पुढच्या गवताच्या भागात गेलं की वर नवी यादी लिहिली जाते, काही बिघडत नाही.

पण तिथून थेट सिनाबार बेटावर उडालं तर? तिथे गवत नाही, त्यामुळे नवी यादी येतच नाही. आणि बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चौकोनाचा उजवा भाग पाण्याचा, डावा नाही. प्रोग्राम उजवीकडे बघून ठरवतो की इथे पोकेमॉन भेटू शकतो. कुठल्या यादीतला, हे मात्र डावीकडे बघून. पाणी दिसत नाही म्हणून तो गवताची यादी उघडतो. तिथे सुमित बसलेला!

फळ्यावर नाव रोमनमध्ये लिहून अक्षरांखाली बाइट मांडले. या खेळात ‘ए’ म्हणजे १२८, पुढे ओळीने. पहिलं अक्षर सोडायचं, मग जोड्या लावायच्या: आधी लेव्हल, मग प्राणी. ‘यू’ची लेव्हल १४८, ‘एम’चा क्रमांक १४०, आणि १४० ही रिकाम्या जागांपैकी एक. ‘आय’ आणि ‘टी’ची जोडी म्हणजे १३६ लेव्हलचा हॉन्टर. खेळात लेव्हलची कमाल १०० असते, हे सांगितल्यावर हशा पिकला.

आधी हॉन्टरच आला. मग तो आला, उलट्या इंग्रजी एलसारखा ठिपक्यांचा ठोकळा.

मला खरी गंमत पुढे दाखवायची होती. नायकाच्या पिशवीतली सहावी वस्तू मी रेअर कँडी (पोकेमॉनची लेव्हल वाढवणारी गोळी) ठेवली होती, पाच नग. लढाई सुरू होताच डीबगरमध्ये डी३२९ या पत्त्यावर ०५ चं ८५ झालं (दोन्ही हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर). म्हटलं, का ते कागदावर काढा.

बराच वेळ नुसती कुजबुज. मग एका मुलीने मांडणी केली, आणि ती मी ठरवून ठेवली होती त्यापेक्षा सुटसुटीत होती. ‘पाहिलेला’ पोकेमॉन नोंदवायला प्रत्येकाला एक बिट. क्रमांकातून एक वजा करायचा आणि तेवढ्यावा बिट १ करायचा. हा क्रमांक नोंदवहीतला, अंतर्गत यादीतला १४० नव्हे; मिसिंगनोचा तो शून्य. शून्यातून एक गेला की एफएफ, म्हणजे २५५, हे तर ‘डीसीआर ए’ ही ८०८५ची एक वजा करायची सूचना शिकतानाच पाहिलेलं. २५५ भागिले ८, भागाकार ३१, बाकी ७. नोंदवही डी३०ए पासून सुरू. त्यात ३१ मिळवले की डी३२९. नोंदवही तिथवर पोचतच नाही, तिथे पिशवी आहे, आणि नेमकी सहाव्या वस्तूची संख्या. शून्यापासून मोजलेला सातवा बिट म्हणजे १२८; ५ अधिक १२८ म्हणजे १३३, हेक्समध्ये ८५.

‘क्रमांक बरोबर आहे का हे कुणी तपासतच नाही?’ तिने विचारलं. नाही. त्या काळच्या कार्ट्रिजमध्ये प्रत्येक बाइट मोजून वापरायचा. म्यू हा १५१वा पोकेमॉन तर डीबगचा कोड काढल्यावर उरलेल्या ३०० बाइटांत बसवलेला. तरी एवढी एक तुलना टाकायला हवी होती, असं मला वाटतं.

कुणीतरी कँडी आधीच १३० असतील तर काय, म्हणून विचारलं. मेमरीत आकडा बदलून पुन्हा किनाऱ्यावर गेलो. काहीच बदललं नाही. ‘बिट आधीच १ आहे ना,’ मागून उत्तर आलं, आणि लगेच दुसरा आवाज: मग १२७ ठेवले तर?

२५५.