होडी, हौदा आणि दोन इंच

आमच्याकडे होडी आधी आली आणि ती न्यायची कशी हा विचार नंतर. अमेरिकेत मिनेसोटातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘10,000 तळी’ असं छापलेलं असतं. नऊ वर्षं त्या पाट्या वाचून एकाही तळ्यात आपण वल्हं घातलं नाही, याची नवऱ्याला एका वसंतात अचानक लाज वाटली आणि त्याने डलुथच्या एका आजोबांकडून जुनी कनू घेतली. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, वल्ह्यानं चालवायची होडी. आमची 16 फुटी, वजनाला साधारण 60 पौंड, म्हणजे 27 किलो. रॉयलेक्स नावाच्या थराथरांच्या प्लास्टिकची. ते बनायचं 2014 मध्ये बंद झालं, त्यामुळे या कनू आता जुन्याच मिळतात. हिरवा रंग, बुडाला ओरखडे, आत आजोबांच्या कुत्र्याचे केस.

पिकअप ट्रक घरात होताच. फोर्डचा एफ-150, चार दारांचा, मागे साडेपाच फुटी हौदा. इथे त्याला बेड म्हणतात, पण माझ्या तोंडात हौदाच येतो. माझ्या बाबांची चिपळूणला टाटा 407 होती. कुंभार्ली घाटातून कऱ्हाडला जाताना त्यांनी बांबू, पाइप, सळया, एकदा तर कुणाच्या लग्नाच्या मांडवाचं सगळं सामान नेलेलं मी शेजारी बसून पाहिलंय. त्यामुळे 16 फुटांची एक होडी न्यायला एवढा काय विचार करायचा, असं मला वाटलं. तिथेच चूक झाली.

डलुथहून आणताना आजोबांनीच स्पंजाचे चार ठोकळे दिले. कनू केबिनवर पालथी घालायची, कडांखाली ठोकळे, दारांतून आरपार पट्टे, पुढून-मागून दोर. गावातल्या गावात हे चालतं. आंतरराज्य महामार्ग 35 वर ताशी 65 मैलांना नाही चालत. हिंकलीच्या अलीकडे छपरातून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला, मग समोरच्या काचेच्या वरच्या कडेला होडीचं नाक वर-खाली होताना दिसायला लागलं. बाजूला थांबून बघितलं तर एक ठोकळा निसटून काचेकडे आलेला. उरलेलं अंतर आम्ही जुन्या हायवेने, चाळिशीने, मागे गाड्यांची रांग घेऊन आलो.

मग मी मेजरटेप घेतला. तीन आठवडे तो माझ्या खिशातच होता.

साधा वाटणारा पहिला मार्ग म्हणजे केबिनच्या छपरावर दोन आडवे दांडे. पण या छपरावर दोन दांड्यांमध्ये जेमतेम तीन फूट सुटतात. 16 फुटांची होडी तीन फुटांवर तोलायची म्हणजे वाऱ्याला हातात झाडूच दिला. आधार होडीच्या लांबीच्या निदान एक तृतीयांश अंतरावर हवेत, निम्म्यावर असतील तर उत्तम. हे मला नंतर कुणी सांगितलं तेव्हा पटलं, कारण हिंकलीला मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसरा मार्ग हौद्याच्या कडांवर बसवायचा रॅक. दिसायला हाच सगळ्यात देखणा. मात्र होडी केबिनच्या वरून पुढे जाणार, म्हणजे दांडे छपरापेक्षा उंच हवेत. कमी उंचीचे रॅक इथेच बाद. उंच रॅक घेतला तरी दोन्ही दांडे साडेपाच फुटांच्या हौद्यातच उभे राहणार. लांब हौद्याच्या ट्रकला हा रॅक शोभतो. आमच्यासारख्या चार दारांच्या आणि आखूड हौद्याच्या ट्रकला तो म्हणजे उंच टाचांचे बूट घालून भातलावणीला जाणं.

तिसरा मार्ग सुतार-प्लंबर लोकांचा शिडीचा रॅक, केबिनच्या पुढपर्यंत येणारा लोखंडी सांगाडा. मजबुतीत प्रश्नच नाही. पण तो कायमचा डोक्यावर बसणार, पेट्रोल खाणार आणि आमच्या गॅरेजच्या दारातून ट्रक आत येणार नाही. इथे हिवाळ्यात गाडी उणे वीस अंशांत बाहेर ठेवणाऱ्या माणसाला सकाळी कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे.

एवढा हिशोब करूनही मी विकत घेतला तो दुसराच. देखणेपणाला भुलले, दुसरं काय! एका दुकानात सवलत लागली होती, विक्रेता म्हणाला की या मॉडेलला बसतोच. खोका घरी आला, नवऱ्याने शिकंजे काढले आणि हौद्याच्या कडेवर लावायला गेला तर बसेनात. आमच्या हौद्यावर गुंडाळायचं ताडपत्रीसारखं झाकण आहे. त्याची पट्टी कडेच्या आतल्या बाजूने जाते, आणि शिकंजाही नेमकं तेच ओठ पकडायला बघतो. दोघांना एकाच जागी बसायचं होतं. झाकण काढलं तर रॅक बसला असता, पण झाकण काढलं तर हौद्यातला किराणा भिजला असता. खोका परत दिला. दुकानाने पंधरा टक्के कापून घेतले. रॅक घ्यायच्या आधी हौद्याला अजून काय काय चिकटलंय ते पाहावं, ही अक्कल मला त्या पंधरा टक्क्यांत मिळाली.

शेवटी घेतलं ते आधी मी नाकारलेलं, कारण ते फार बावळट दिसतं. ट्रेलर ओढायला ट्रकच्या मागे, बंपरखाली दोन इंची चौकोनी भोक असतं. त्यात एक लोखंडी दांडा सरकवायचा. तो दोनेक फूट मागे येतो, तिथून एक खांब वर उभा राहतो आणि खांबाच्या डोक्यावर आडवा दांडा. इंग्रजी टी अक्षरासारखा. पुढे केबिनवर, मागच्या दारांच्या वर, एकच आडवा दांडा. आजच्या गाड्यांच्या छपराला पूर्वीसारखी पन्हाळ नसते, त्यामुळे त्या दांड्याचे पाय दाराच्या फटीत अडकतात आणि प्रत्येक मॉडेलचा पाय वेगळा. ते चारच्या संचातच मिळतात, त्यामुळे दोन पाय अजून गॅरेजमध्ये पडून आहेत. पण दोन दांड्यांतलं अंतर मी मोजलं तर भरलं साडेदहा फूट. होडी 16 ची. पुढे पावणेतीन, मागे पावणेतीन. मागचा खांब शंभर डॉलरच्या आसपास पडला, देखण्या रॅकच्या कितीतरी खाली.

एक भीती होती. अशा ट्रकची केबिन आणि हौदा एकाच सांगाड्यावर पण वेगवेगळे बसवलेले असतात, खडबडीत रस्त्यावर दोन्ही आपापल्या परीने हलतात. एखादा ताठ रॅक दोघांना धरून बसवला तर कुठेतरी ताण येणारच. आमच्याकडे दोन दांड्यांना जोडणारी वस्तू म्हणजे खुद्द होडी आणि कापडी पट्टे, आणि पट्टे थोडं सोसतात. खांब मात्र भोकात खडखडायचा. त्यासाठी नटबोल्टचा एक छोटा शिकंजा मिळतो, तो आवळला की आवाज बंद.

आता खरा प्रश्न. हा प्रश्न मला कुठल्याच माहितीपत्रकात दिसला नाही, आणि रॅक निवडताना मी तो सगळ्यात आधी विचारायला हवा होता: होडी वर चढवणार कोण?

नवऱ्याचा उजवा खांदा आखडलेला आहे, हात डोक्यावर जात नाही. उरले मी, उंची पाच फूट दोन इंच. टाचा उंचावून हात वर केले की माझी बोटं 78 इंचांवर पोचतात. दांडा 80 इंचांवर. दोन इंच! शिवाय हातात होडी. तशी ती एकदम उचलायची नसते. ट्रकच्या मागे जमिनीवर पालथी ठेवायची, पुढचं टोक उचलून मागच्या दांड्यावर टेकवायचं, मग मागून ढकलत न्यायची. म्हणजे एका वेळी निम्मंच वजन. पण निम्म्यालाही ते दोन इंच लागतातच.

पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरातलं स्टूल घेतलं. उतारावर स्टूल, स्टुलावर मी, माझ्या डोक्यावर होडीचं नाक आणि खाली नवरा एका हाताने स्टूल धरून “सावकाश गं, सावकाश” म्हणतोय. समोरच्या घरातल्या बाई कुत्रा फिरवायला निघाल्या होत्या, त्या थांबून बघत राहिल्या.

तोडगा सुचवला मुलीने, ती आठवीत आहे. उभा खांब दोन नळ्यांचा, एकात एक सरकणारा, आणि उंचीसाठी त्याला भोकं. पिन खालच्या भोकात घालायची, दांडा आठ इंच खाली येतो. मी नाक टेकवते. नवरा मागून ढकलतो, ते काम छातीच्या उंचीवर होतं, खांदा तक्रार करत नाही. होडी पुढच्या दांड्यावर पोचली की दोघं मिळून खांब वर उचलतो आणि मुलगी वरच्या भोकात पिन सरकवते. दांड्यावर प्लंबिंगचा प्लास्टिक पाइप चढवलाय, तो फिरतो, त्यामुळे होडी घासत नाही. सगळा कारभार चार मिनिटांचा. चौथं माणूस लागत नाही, पण तिसरं लागतंच.

बांधणं हा माझा प्रांत. दाताच्या चाकाचे पट्टे मी फेकून दिले. ते इतके आवळले जातात की होडीची कड चेपते आणि आवळणाऱ्याला कळतही नाही. साधे बकलवाले पट्टे हाताच्या जोराइतकेच बसतात, तेवढं पुरे. पट्ट्याला एक पीळ देऊन घेतला की तो घूंऽऽ आवाजही येत नाही, सपाट पट्टाच वाऱ्यात गुणगुणतो. पण पुढचा आणि मागचा दोर? पुढे बॉनेटखालच्या बोल्टला कापडी कड्या लावल्या, मागे खांबाला. दोर ताणायची इथली गाठ मी शिकायला बसले आणि दुसऱ्याच पायरीला हसू फुटलं. दोराच्या मधोमध एक फास, टोक खाली आकड्यातून फिरवून परत त्या फासातून, खाली खेचलं की कप्पीसारखा जास्तीचा ताण येतो, मग अंगठ्याने दाबून धरायचं आणि अडकवायचं. बाबा ताडपत्री हीच गाठ मारून बांधायचे. त्यांनी तिला कधी नाव दिलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाले, “मग काय गो, दोर काय तिकडे वेगळा असतो?”

पुढचा प्रश्नही त्यांचाच. “लाल फडकं बांधलंस?”

नव्हतं बांधलं. मी मोजलं, होडी बंपरच्या मागे पावणेपाच फूट जात होती. चार फूट किंवा त्याहून जास्त मागे आलं की इथे कायद्याने झेंडी लागते. मी चुंबकाची छान लाल झेंडी मागवली, फाळक्यावर ठेवली, हात काढला आणि ती पायावर पडली. एफ-150 चं अंग 2015 पासून अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आमचा ट्रक 2017 चा. त्याला चुंबक चिकटेल कसं! शेवटी जुन्या लाल ओढणीचा तुकडा फाडून शेपटीला बांधला. 407 च्या मागे सळयांच्या टोकाला असायचा, अगदी तसाच.

ऑगस्टमध्ये ईलीला निघालो. चार तासांचा रस्ता. दहा मैलांवर थांबून पट्टे तपासले, एक सैल झाला होता. हिंकलीला परत तपासले, गरज नव्हती, पण त्या गावाशी माझा हिशोब होता. पुढे हायवे 53 वर लाकडाचे ओंडके नेणारे ट्रक समोरून जातात आणि हवेचा धक्का बसतो. नाक हललं नाही. गॅलनला तीन मैल कमी मिळाले, ते मी मुकाट्याने भरले. ईलीच्या पुढे फर्नबर्ग रस्ता संपतो तिथे लेक वन. तिथून बाउंड्री वॉटर्स सुरू होतं, हजाराहून जास्त तळ्यांचं रान. एका तळ्यातून दुसऱ्यात होडी खांद्यावरून न्यायची, आणि ते अंतर तिथे रॉडमध्ये सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे आमच्या होडीहून अर्धा फूट लांब.

तळ्याच्या काठावर पोचल्यावर उतरवायच्या आधी मी होडीसकट ट्रकचा फोटो काढला. मागे तळं, त्यावर सकाळचं धुकं, पाइनची झाडं. बाबांना पाठवला. चिपळूणला रात्र झाली होती, पण ते जागे होते. दोन मिनिटांत उत्तर आलं. तळ्याबद्दल काही नाही, धुक्याबद्दल काही नाही. “पुढच्या दोराचा शेवटचा फास उलटा पडलाय.”

मी फोटो मोठा करून पाहिला. उलटाच होता.