कपड्यांच्या घड्या आणि एपिका

आज घड्या घालता घालता एपिकाचा 'द फँटम अ‍ॅगनी' लावला. या डच मेटल बँडचा २००३ मधला पहिलाच अल्बम. गायिका सिमोन सिमन्स तेव्हा जेमतेम १८ वर्षांची, खरं वाटत नाही!

सुरुवातीला लॅटिन कोरस. मग पुढे कुठेतरी तिचा मेझो-सोप्रानो (स्त्रियांचा मधल्या पट्टीतला आवाज) अलगद वर चढत असतो आणि बँडचा गिटारवादक मार्क यान्सन थेट पोटातून गुरगुरतो. पूर्वी मी ते तुकडे सरळ पुढे ढकलायचो. (हेडफोन नसते तर शेजारी धावत आले असते, ते वेगळं.) आज उलटंच झालं. गुरगुर थांबली की तिचा सूर एकटा पडल्यासारखा वाटायला लागला. तंतुवाद्यं मात्र गिटारखाली जरा दबतातच.

शीर्षकगीत जवळपास नऊ मिनिटांचं. तेवढा वेळ हातात एकच शर्ट.