वेल्सचा जुना कायदा वाचायला कुठून सुरुवात करायची

हा कायदा राजा हवेल दा याच्या नावाने ओळखतात, तो वारला साधारण 950 ला, पण हातात असलेली सगळ्यात जुनी हस्तलिखितं 13व्या शतकातली, त्यामुळे यात हवेलचं किती आणि नंतरच्या कायदेपंडितांचं किती हा प्रश्न पहिल्यापासून डोक्यात ठेवाच. माझं ऐकाल तर राजदरबाराचे नियम नंतर वाचा, आधी थेट बायकांच्या कायद्याचं प्रकरण उघडा. सात वर्षं संसार करून नवरा-बायको वेगळे झाले तर मालमत्ता निम्मी-निम्मी, डुकरं नवऱ्याला, मेंढ्या बायकोला, मुलांचीसुद्धा वाटणी ठरलेली, इतकं बारीक लिहिलंय की त्या काळचं अख्खं घर समोर उभं राहतं! आणि पेनिआर्थ 28 हे लॅटिन हस्तलिखित आवर्जून बघा, अ‍ॅबरिस्टविथ इथल्या वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलंय, त्यातली राजाची, न्यायाधीशाची चित्रं फार सुंदर आहेत.