नळीला नकार म्हणजे आईला उपाशी ठेवणं नव्हे

आईचा स्मृतिभ्रंश शेवटच्या टप्प्यात होता. घास तोंडात धरून बसायची, गिळायचंच विसरायची. न्यूमोनिया झाला, रुग्णालयात नेलं, तो बरा झाला. खरा त्रास तिथून पुढे सुरू झाला.

वॉर्डात फॉर्म हातात दिला. त्यात दोनच पर्याय: नाकातून रायल्स ट्यूब (पोटात पातळ अन्न पोचवणारी नळी) घालायला संमती, नाहीतर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नकार’. हाताने भरवायचं असेल तर लिहायचं कुठे? ‘तसा रकाना नाही.’ मोठ्या डॉक्टरांना भेटायचंय म्हटलं, तर ‘राऊंडला येतील तेव्हा.’ आणि सही होईपर्यंत आईला तोंडाने काहीही द्यायचं नाही! ती कोरडे ओठ चाटत होती, आणि मला चमचाभर पाणी पाजायची परवानगी नव्हती. तिला गिळता येतं का, हे कुणी तपासलंही नव्हतं. दादा बाहेर बाकावर बसून एकच म्हणत होता, “आईला उपाशी मारायचं का गं?” त्या फॉर्मची भाषाच अशी की त्याला दुसरं काही सुचणार नाही. मला आजही त्याचा संताप येतो.

शेवटी मोठे डॉक्टर बसून बोलले. स्ट्रोकनंतर गिळणं सुधारणार असेल तर नळीचा उपयोग होतो. पण स्मृतिभ्रंशाच्या या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं असा पुरावा नाही. न्यूमोनियाही टळत नाही, कारण लाळ श्वासनळीत जातच राहते. रुग्ण नळी उपसतात, मग हात बांधावे लागतात. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या वृद्धांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेनेही 2014 साली नळीऐवजी हाताने भरवण्याचाच सल्ला दिला आहे. हे ऐकल्यावर दादा शांत झाला. दुसरा पर्याय खोडून ‘काळजीपूर्वक हाताने भरवणार’ असं मी लिहिलं, खाली डॉक्टरांनी सही केली. तुम्हीही लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर थांबू नका.

स्पीच थेरपिस्टकडून (बोलण्या-गिळण्याच्या तज्ज्ञांकडून) गिळण्याची तपासणी मात्र आधी मागा, ते आम्हाला फार उशिरा कळलं. त्यांनीच शिकवलं: ताठ बसवून, छोट्या चमच्याने, आधीचा घास गालात साठला नाही ना हे बघून मगच पुढचा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पेंगत असेल तर भरवायचं नाही. आईने तोंड मिटलं की आम्ही थांबायचो, आग्रह करायचो नाही. दादाला हे सर्वांत जड गेलं, पण पुढे दुपारचं भरवणं त्यानेच स्वतःकडे घेतलं.