डब्यातल्या खड्यांपासून सुरू झालेला खेळ

अंध क्रिकेटच्या सामन्यांना मी हौसेनं गुणलेखन करते. नवीन प्रेक्षक बहुतेक वेळा शेजारी टेकून विचारतात, "कुणाला सुचलं हो हे?" कुणा कनवाळू डोळस माणसाला सुचलं असणार, असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं.

सुचलं ते दोन अंध कामगारांना. १९२२ साली, मेलबर्नच्या एका कारखान्यात. पत्र्याच्या डब्यात खडे घालून त्यांनी खेळायला सुरुवात केली. त्याच वर्षी तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात अंध क्रिकेटची संघटना उभी राहिली आणि १९२८ मध्ये मेलबर्नच्याच कूयाँग उपनगरात स्वतःचं मैदानही झालं. ही हकीकत सांगताना मला दर वेळी भरून येतं.

आजचे नियम बघा, सगळे कानाला धरून आहेत. आपल्याकडचा चेंडू कडक प्लॅस्टिकचा, आत छर्रे. गोलंदाज "रेडी?" विचारतो, फलंदाजाचा होकार आला की "प्ले!" म्हणत खालून हात फिरवून चेंडू सोडतो. खेळपट्टीच्या मध्यरेषेआधी टप्पा पडलाच पाहिजे, कारण हवेतून आलेला चेंडू फारसा वाजत नाही, जमिनीलगत आलेला वाजतो. म्हणून तर इथे गुडघा टेकून मारलेला स्वीप सारखा दिसतो. यष्ट्या धातूच्या, त्रिफळा उडाला की सगळ्यांना ऐकू जातं.

अकरा जणांत किमान चार बी-वन, म्हणजे पूर्ण अंध, असावेच लागतात. त्यांच्या धावा दुप्पट धरतात, चौकार मारला की मी आठ लिहिते. काही जण याला सवलत म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. नुसत्या आवाजावर चेंडू सीमेपार धाडून दाखवा, मग बोलू.

पहिला विश्वचषक १९९८ मध्ये दिल्लीत झाला, तो दक्षिण आफ्रिकेनं जिंकला. पुढे आपल्या पुरुषांनी अनेकदा बाजी मारली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबोत आपल्या मुलींनी नेपाळला हरवून महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक आणला!

तुमच्या गावात सामना असेल तर जरूर जा. फक्त चेंडू सुटल्यापासून खेळला जाईपर्यंत बोलू नका, फोन बंद ठेवा. टाळ्या नंतर, हव्या तेवढ्या.